लेखकाच्या कोटाचं कोपर

रफूबाईचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. दुकान आठला उघडायचं, पण त्याआधी पाणी भरायचं, चहा, डबा, आणि नवऱ्याला कपडे घालायचे. नवऱ्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात अडकला होता. एका हातानं बटणं लावायला तो शिकला होता, पण त्यात जीव मेटाकुटीला यायचा आणि मग दिवसभर तो कुणाशी धड बोलायचा नाही. म्हणून बटणं तीच लावायची. ती लावत असताना तो मान वर करून छताकडे बघत राहायचा, न्हाव्यासमोर बसल्यासारखा.

तिला सगळे रफूबाईच म्हणत, दुकानातलेही आणि शेजारचेही. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं आणि तिनंही कधी आठवण करून दिली नाही.

दुकान म्हणजे लाँड्री. पुढं काउंटर, मागं वाफेनं भरलेली लांबट खोली, आणि खोलीच्या टोकाला एकच खिडकी. त्या खिडकीशी रफूबाईची खुर्ची. खुर्ची दुसरीकडे हलवायची मालकाचीही छाती नव्हती. दिव्याखाली ती सुई धरायची नाही. दिवा रंगांबद्दल खोटं बोलतो, असं ती म्हणायची.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ कुणीही लावतं. रफूसाठी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उसवून काढायचे, आणि फाटलं असेल तिथं एक उभा, एक आडवा, मूळ विणीप्रमाणे खालून-वरून घालत जायचे. गाठ मारायची नाही. गाठ बोटाला लागते आणि बोटाला लागलेलं आज ना उद्या डोळ्याला दिसतं. एका बोटाएवढ्या भोकाला सबंध सकाळ जायची, मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि काम नीट झालं तर झालेलं काम दिसायचं नाही. त्यामुळे गिऱ्हाईक पैसे देताना हमखास कुरकुरायचं.

"यात तुम्ही केलंत काय? मला तर काहीच दिसत नाही."

"न दिसायचेच पैसे घेतो, साहेब," मालक म्हणायचा. "दिसलं असतं तर फुकट दिलं असतं."

कुणी परत न्यायला आलंच नाही असे कपडे दुकानात साठायचे. वर्ष उलटलं की मालक ते पगारात धरून कामगारांना द्यायचा. रफूबाईच्या घरातले सगळे कपडे तसलेच, अनोळखी माणसांनी विसरलेले. नवऱ्याचा कोटही तसलाच. जाड लोकरीचा, राखाडी. त्याची उजवी बाही तिनं कोपरापाशी आत दुमडून टाके घालून टाकली होती. कापली नव्हती. चांगल्या कापडावर कात्री चालवायला तिचा हात धजला नाही.

नवऱ्याला वाचायचा नाद लागला तो अपघातानंतर. दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवायचा नाही, बायकोलाही उत्तर द्यायचा नाही. शेजारच्या खाटेवरचा रोगी घरी गेला आणि उशीखाली एक कादंबरी विसरून गेला. तिच्यात एका कामगाराचा हात यंत्रात जातो. नवऱ्यानं ती वाचली, परत पहिल्या पानापासून वाचली, आणि मग उठून बसला.

"यानं माझाच हात लिहिलाय गं," तो म्हणाला. अपघातानंतर तो तिच्याशी आपण होऊन बोलला ते हे पहिलं वाक्य.

रफूबाईच्या लेखी त्या लेखकाचे उपकार तिथूनच सुरू झाले. नवरा वाचनालयातून त्याची बाकीची पुस्तकं आणू लागला. संध्याकाळी ती चुलीपाशी असली की तो मोठ्यानं वाचायचा. पान उलटताना पुस्तक मांडीवर टेकवायला थांबायचा, तेवढ्यात ती मिठाचं बघून घ्यायची. त्याचा दिवस आता एवढ्यावरच उभा होता, हे तिला कळत होतं.

दवाखान्यातल्या त्या पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो होता. टेबलावर कोपर टेकवून, हनुवटी तळहातावर ठेवून बसलेला. अंगात जुना राखाडी कोट, आणि कोपर फाटलेलं. फाट सरळ खाली आलेली आणि मग काटकोनात वळलेली, आतलं अस्तर दिसणारी.

"बघ, एवढा मोठा माणूस आणि कोपर फाटकं," नवरा म्हणायचा. "आपल्यातलाच आहे तो."

"खिळ्यात अडकलंय ते," ती म्हणायची. "वेळीच दिलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम. घरात बघणारं कुणी दिसत नाही."

एका सकाळी कपड्यांच्या ढिगातून एक राखाडी बाही वर आली, आणि रफूबाईचा हात थांबला. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, ती फाटीवरून ओळखायची. खाली आलेली आणि काटकोनात वळलेली. तिनं अस्तर बघितलं. तेच.

"हा कोट कुणी टाकला रे?" तिनं इस्त्रीवाल्याला विचारलं.

"कुणीतरी म्हातारा. बाहेर टॅक्सी थांबवून ठेवली होती. का, मावशी? खिशात काही सापडलं का? अर्धं माझं."

पावतीवर फक्त धुलाई लिहिली होती. रफू लिहिलेलं नव्हतं.

घरी तिनं सांगितलं तेव्हा नवरा चहा प्यायचा थांबला.

"तू त्यांना बघितलंस?"

"कोट बघितला."

"कोट आला म्हणजे न्यायला माणूस येणारच. घेऊन ये तो सुट्टीला."

"दुकानाबाहेर कपडा न्यायचा नाही असा नियम आहे, अहो."

"नियम मला नको शिकवूस. पट्ट्याला जाळी लावायची असाही नियम होता."

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिनं कोट शालीत गुंडाळून घरी आणला. नवऱ्यानं तो मांडीवर घेतला. कॉलर चाचपली, खिशात हात घालून पाहिला, मग ते फाटकं कोपर तळहातावर घेऊन बराच वेळ बसला.

"रफू करून टाक."

"पावतीवर नाही."

"मागायची लाज वाटली असेल. मोठ्या माणसांना असलं मागता येत नाही."

रफूबाईलाही तेच वाटत होतं. इतक्या वर्षांत तिच्या खिडकीशी फाटका कपडा आला तो दुरुस्त व्हायलाच आला होता. फाटलेलं जपून ठेवणारा माणूस असू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. यायचं काही कारणही नव्हतं.

अडचण धाग्याची होती. लेखकाचा कोट पूर्वी कुणीतरी ढिला करून दिलेला होता. आत शिवणीत काढण्यासारखं कापडच उरलं नव्हतं. सकाळी तिनं घरातली सुताची डबी उपसली. एकही राखाडी जुळेना. नवरा उठला, खुंटीवरचा आपला कोट काढून तिच्यासमोर टाकला. दाराशी उजेडात नेऊन तिनं दोन्ही कोट एकमेकांवर धरले. वीण तीच, रंगही तोच, जवळजवळ जुळ्या भावांसारखे.

"बाही दुमडलेलीच आहे," तो म्हणाला. "आत काय, नुसती हवा. काप."

"आणि थंडीत?"

"जिथं हातच नाही तिथं थंडी कसली वाजतेय."

हे खोटं होतं. त्या गेलेल्या हाताला थंडी वाजायची, बोटं आखडायची, कधीकधी तो नसलेलं मनगट चोळायला जायचा. दोघांनाही हे माहीत होतं. तरी तिनं कात्री घेतली. आपल्या लेखकाला द्यायला आपल्याकडे काहीतरी आहे, हा आनंद त्याच्या तोंडावर इतका स्पष्ट दिसत होता की नाही म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

सुट्टीचा सगळा दिवस ती दारात बसून होती. बाहीचे धागे एकेक उसवून काढले, ओल्या बोटांनी सरळ केले. उभे धागे आधी. फाटीच्या कडा कापायच्या नाहीत, त्यांच्याच पोटातून सुई न्यायची. काटकोन होता तिथं कापड ओढलं गेलेलं, तिथं धागा जरा ढिला सोडायचा, नाहीतर कोपर वाकवताना सुरकुती पडते. नवरा शेजारी बसून वाचत होता, पण पान उलटत नव्हता. उरलेलं काम तिनं पुढच्या काही सकाळी दुकानात लवकर जाऊन खिडकीशी संपवलं. बाही उलटी करून, सुलटी करून, उजेडाला आडवी धरून पाहिली. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं. फाट सापडली नाही. याहून चांगलं काम तिनं आजवर केलं नव्हतं, आणि पुढं डोळे साथ देणार नव्हते.

लेखक कोट न्यायला आला तेव्हा मालकानं हाक मारली. "रफूबाई, जरा पुढं या."

तिनं पदराला हात पुसले, केस नीट केले. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. एकच वाक्य, तेही नवऱ्यासाठी.

लेखक फोटोतल्यापेक्षा ठेंगणा होता. चेहरा दमलेला, आवाज हळू. कोट काउंटरवर पसरलेला, आणि त्याचं बोट कोपरावर.

"हे तुम्ही केलंत?"

"हो, साहेब."

"तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

जुळवून ठेवलेलं वाक्य राहूनच गेलं. "नाही. फाटलं होतं, म्हणून."

"फाटलं होतं ते मला ठाऊक आहे, बाई. मी किती वर्षं घालतोय हा कोट." तो रागावून बोलत नव्हता. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "परवा माझा सत्कार आहे. लोक हा कोट ओळखतात. असा घालून गेलो तर नवा शिवला म्हणतील."

"रफूचे पैसे नका देऊ, साहेब," मालक मध्ये पडला. "आमच्याकडून भेट समजा."

"मला भेट नकोय. माझा कोट होता तसा हवाय."

मालकानं रफूबाईकडे पाहिलं. "उसवा."

"फाटलेलं होतं तसं कसं करायचं, मालक?"

"तुम्ही केलंत ना? मग तुम्हीच सांगा."

लेखक बाकावर बसला. घाई नव्हती त्याला. रफूबाईनं कोट खिडकीशी नेला आणि सुईच्या टोकानं पहिला धागा उचलला. विणायला जितकी नजर लागते तितकीच उसवायला लागते, फक्त हात जड होतो. गाठ कुठं नव्हतीच, त्यामुळे धागे विनातक्रार निघत गेले. नवऱ्याच्या बाहीचे धागे. तिनं ते टेबलावर न टाकता एकेक करून डबीत ठेवले. इस्त्रीवाल्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि परत इस्त्रीवर वाकला.

"एवढं बरोबर आहे का?" तिनं कोट पुढं नेऊन विचारलं.

लेखकानं चष्मा लावून पाहिलं. "नाही. कोपरा जास्त खाली लोंबायचा." त्यानं पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि फोटो वर येईल असं काउंटरवर उलटं ठेवलं. "असा."

घरी होतं तेच पुस्तक. त्यांच्या प्रतीचे कोपरे मऊ झाले होते, ही कोरी करकरीत होती. त्या फोटोकडे बघत बघत रफूबाईनं कोपर पुन्हा फाडलं. आतलं अस्तर दिसेपर्यंत.

"हं," लेखक म्हणाला. "झालं."

कोट घडी होत असताना ती बोलली. आता बोलायचं काही कारण उरलं नव्हतं, पण घरी कुणीतरी वाट बघत होतं. "साहेब, तुमच्या या पुस्तकात त्या कामगाराचा हात जातो ना, तसाच माझ्या नवऱ्याचा गेला. ते म्हणतात, तुम्ही त्यांचाच हात लिहिलाय."

लेखक मान हलवून हसला. मनापासून हसला असावा. "हो, तसं पुष्कळ जण सांगतात." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं खिशातून पेन काढलं आणि तेच पुस्तक उघडलं. "नाव काय त्यांचं? सही करून देतो."

"आमच्याकडे आहे ते पुस्तक," रफूबाई म्हणाली आणि आत गेली.

मालक मागोमाग आला. "पावतीवर लिहिलंय तेवढंच करायचं. न मागता केलेलं काम म्हणजे नुकसान, कळलं?"

"कळलं."

ते तिला खरंच कळलं होतं. त्यानंतर तिनं कुणाच्या कपड्याला न सांगता एक टाकासुद्धा घातला नाही. लोंबतं बटण दिसलं तरी लोंबतं ठेवायची.

घरी नवरा दारातच उभा होता. कापलेल्या बाहीचा तो कोट अंगात, टोकाला तिनं पट्टी लावून दिलेली.

"आले होते? काय म्हणाले?"

चपला काढेपर्यंत तिला वेळ मिळाला. "हात फिरवून बघितला. म्हणाले, कुठं फाटलं होतं तेच सापडत नाही."

"आणि माझं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"मान हलवली. हसले."

"सही घेतलीस का?"

"गर्दी होती हो खूप."

नवरा खूश झाला. इतका खूश की त्या दोन दिवसांत ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यानं कोपराची गोष्ट सांगितली. वाचनालयात सांगितली, दूधवाल्याला सांगितली. शेजारी एक रिटायर झालेला टपालवाला राहायचा, त्याला तर दोनदा सांगितली. टपालवाला जिभेचा तिखट. सत्काराची बातमी त्यानं पेपरात वाचली होती. तो दोन्ही वेळा म्हणाला, "म्हणजे तुझी बाही आता सत्काराला जाणार, आणि तू इथंच बसणार."

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी टपालवाला पेपर घेऊन आला. रफूबाई नवऱ्याला बटणं लावत होती.

"वहिनी, तुमचं रफू आलंय बघा पेपरात," तो म्हणाला. "अस्तरासकट."

फोटोत लेखक व्यासपीठावर बोलत बसला होता. कोपर टेबलावर टेकलेलं, पुढं आलेलं. खाली छापलं होतं की ज्येष्ठ लेखकानं आपला तो प्रसिद्ध फाटका कोट सत्कारालाही सोडला नाही.

नवऱ्यानं पेपर मांडीवर ठेवून वाचला. सगळा वाचला, शेवटपर्यंत.

"जुना फोटो असेल," तो म्हणाला.

"कालचा आहे," टपालवाला म्हणाला. मग त्याचं रफूबाईकडे लक्ष गेलं आणि त्याला चूक उमगली. "असेलही जुना. पेपरवाल्यांचं काय, काहीही छापतात." तो चहा न घेताच गेला.

ती शेवटचं बटण लावत होती. नवरा छताकडे बघत नव्हता. तिच्या बोटांकडे बघत होता.

"धागे कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

तिनं डबी आणून दिली. त्यानं झाकण अंगठ्यानं उघडलं. आत राखाडी धाग्यांचा पुंजका होता, विणीतून निघालेला, त्यामुळे कुरळा. त्यानं त्याला हात लावला नाही. झाकण लावून डबी परत दिली. तू खोटं का बोललीस, असं विचारलं नाही. ती सांगायला तयार होती.

त्यानंतर तो त्या लेखकाचं काही वाचेना, आणि दुसऱ्या कुणाचंही. संध्याकाळी खोलीत फक्त भांड्यांचा आवाज असायचा. रफूबाईला तो सोसवेना. एकदा तिनंच दवाखान्यातलं ते पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवलं. "वाचा की. पुस्तकानं काय केलंय?"

त्यानं वाचायला घेतलं. हात जातो त्या पानापर्यंत आला आणि थांबला.

"इथं तो ओरडतो," तो म्हणाला. "मी ओरडलो नव्हतो. हात गेल्यावर लगेच ओरडता येत नाही, आधी कळतच नाही. हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच दिसलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"सोडून दिलं होतं."

त्यानं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात देऊन आला, जिथलं ते कधी नव्हतंच.

त्या थंडीत त्याचा हात फार दुखला, नसलेला. ती तव्यावर फडकं गरम करून कोपराच्या टोकाला धरायची. डबीतले धागे तिनं पुढं लोकांच्या राखाडी कोटांना वापरून टाकले, पावतीवर रफू लिहिलेल्या. एकानंही तक्रार केली नाही.

डोळे गेले तसं तिचं काम कमी होत गेलं, आणि एक दिवस मालकानं खिडकीशी शिलाईचं मशीन आणून ठेवलं. शेवटचा पगार हातात घेऊन ती परस्पर कपड्यांच्या मोठ्या दुकानात गेली. जन्मात पहिल्यांदाच. विकणाऱ्या पोरीनं तिच्यासमोर कोट मांडले.

"हे बघा, काकू, कोपराला चामडं लावलेले. आणि हे मुद्दाम थोडे फाटके, कडा उसवलेले. सध्या हेच चालतंय. किंमत जरा जास्त आहे."

"न फाटलेला दाखव."

पोरीनं एक राखाडी काढला. रफूबाईनं तो काचेच्या दारापाशी उजेडात नेला. उलटा करून शिवणी पाहिल्या, कोपरावर बोट फिरवलं. कुठं काही नव्हतं. नवऱ्याचं माप सांगताना तिनं हाताचंही सांगितलं, कारण पोरगी टेप घेऊन उभी होती.

"मग उजवी बाही कमी करून देऊ का? आमच्याकडे फुकट करतात."

"नको," रफूबाई म्हणाली. "दोन्ही बाह्यांचे पैसे देतेय मी."

आणि तिनं ते दिले.